टिकलेल्या सवयी, सुटलेल्या सवयी

लातुरात पूर्वी बऱ्याच घरांच्या नळाला तोटीच नसायची. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना याचं नवल वाटे. पण पाणी सुटणार आठवड्याने, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि तेही तास-दीड तास. तेवढ्यात हौद, पिंपं, हंडे, कळशा, अगदी पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. नळ बंद करायची वेळ यायचीच कुठे? शिवाय हौसेने बसवलेली तोटी पितळी असली तर ती रात्रीतून नाहीशी व्हायची. सगळं भरून झालं की धार तशीच अंगणातून गटारात जायची. वर आणखी, नवं पाणी आलं म्हटल्यावर पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून टाकायचं. देवाच्या पाण्याच्या बाबतीत तर आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, कुणाचं काही ऐकत नसत. पाण्यासाठी रात्र-रात्र जागणारं गाव ते असं ओतून देत होतं आणि त्यात कुणालाही वावगं वाटत नव्हतं.

मग 2016 चा उन्हाळा आला. आधीची दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. धनेगावच्या मांजरा धरणात उपसायला काही उरलं नाही. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं 144 कलम लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली, 25 लाख लिटरची. टीव्हीवर हे आकडे फार मोठे वाटायचे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजारांवर होती. भागून पाहिलं तर त्या भल्यामोठ्या गाडीतून माणशी साडेसहा लिटर हाती येतात. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे.

त्या उन्हाळ्यावर पुष्कळ लिहून आलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. त्या दिवसांत घराला ज्या सवयी लागल्या त्यातल्या कुठल्या राहिल्या आणि कुठल्या गेल्या, हे मी गेली काही वर्षं बघते आहे.

तेव्हा टँकर गल्लीत आला की घरटी 200 लिटरचं एक पिंप मिळायचं. पुन्हा कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. आम्ही घरात पाच माणसं. आंघोळ परातीत बसून, अर्ध्या बादलीत. परातीतलं पाणी संडासला. भांडी तीन टपांत: पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात घासलेलं विसळायचं, तिसऱ्यात शेवटचा हात. दुसऱ्या दिवशी तिसरा टप पहिला व्हायचा. जेवायला पत्रावळी आणल्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत पडायचं, भाजी धुतलेलं तुळशीला. आत्याबाई हे सगळं थोड्या तिरकस नजरेने बघत. 1972 च्या दुष्काळात त्या औसा तालुक्यात खडी फोडायला गेलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, “बाहत्तरला खायाला नव्हतं, पर पाणी होतं. आता समदं हाय अन् पाणीच न्हाई.” सुकडी आणि मिलो खाऊन काढलेल्या वर्षाशी त्या आमची बरोबरी होऊ देत नसत, आणि ते बरोबरच होतं.

ऑगस्टमध्ये रेल्वे थांबली. सप्टेंबरच्या अखेरीस असा पाऊस लागला की मांजरा भरलं. लोक धरण बघायला गाड्या करून गेले, आम्हीही गेलो. दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत पायऱ्या आणि गाड्या पाइप लावून धुतल्या जात होत्या. आमच्या घरात पत्रावळी पहिल्या गेल्या, मग परात, मग तीन टपांचे दोन झाले आणि दोनाचा एक. कुणी ठरवून काही सोडलं नाही. रोज कुणीतरी आठवण ठेवायची, कुणीतरी दुसऱ्याला हटकायचं, यावर जे जे चालत होतं ते सगळं वर्षभरात विरून गेलं. मात्र त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षी प्लंबरला बोलावून जे जे बसवून घेतलं होतं ते आजही चालू आहे. त्यासाठी कुणाला गुणी व्हावं लागत नाही. पाहुणा आला, मुलं पुण्याहून सुट्टीला आली, आंघोळीला वाटेल तेवढा वेळ लावला, तरी पाणी आपल्या वाटेनेच जातं.

पहिलं काम न्हाणीचं केलं. आमचं घर बैठं आणि एक मजला वर, जुनं. न्हाणीघराचा पाइप घराच्या मागच्या भिंतीतून निघून थेट गटाराला जोडलेला. प्लंबरने तो बाहेर कापला, तिथे ‘टी’ बसवला आणि दोन्ही तोंडांना व्हॉल्व्ह दिले: एक गटाराकडे, एक परसाकडे. एका दुपारचं काम. खर्च तेव्हा दोन महिन्यांच्या टँकरपेक्षा कमी आला. काम करताना तो म्हणाला, “काकू, उतार मात्र बघून घ्या. पाणी शहाणं असतं, चढ चढत नाही.” त्याने नळीत पाणी भरून पातळी धरली आणि परसाच्या कोपऱ्यापर्यंत उतार काढून दिला. फरशी घासायला ॲसिड वापरायच्या दिवशी आणि पावसाळ्यात परसाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच आता लक्षात ठेवावं लागतं. तेही कधी विसरतं, पण झाडं दगावतील इतकं नाही.

परसात पाइपाच्या तोंडाशी दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात विटांचे तुकडे आणि खडी भरली आणि वर माती ओढून कर्दळ लावली. पाणी खडीतून, मातीच्या खालून जातं. वर साचत नाही म्हणून वास नाही, डास नाहीत. पाइपाच्या तोंडाला नायलॉनचा जुना मोजा बांधला आहे, केस आणि साबणाचा चोथा त्यात अडकतो. मोजा पंधरवड्याने झटकावा लागतो, हे काम कुणालाच आवडत नाही. कर्दळीच्या पुढे अळू, अळूच्या पुढे केळ. ही काही आमची अक्कल नव्हे. खेड्यातल्या जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू असायचेच. आम्ही फक्त मधे खडी घातली. कोथिंबीर, पुदिना, मेथी यांना हे पाणी देत नाही, कारण ती कच्ची किंवा अर्धीकच्ची पोटात जातात.

कपड्यांच्या पाण्याचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. धुण्याची पावडर घातलेलं पाणी आमच्या काळ्या मातीला सोसत नाही. त्यातल्या सोडियमने चिकणमाती फुगते, तिचे कण सुटे होतात आणि वाळली की ती फरशीसारखी घट्ट होते. मग वरून कितीही पाणी घाला, आत मुरत नाही. खारवट झालेल्या शेतांतून हे शेतकऱ्यांनी फार आधी पाहिलेलं आहे. म्हणून पावडरीचं पाणी झाडांकडे जाऊच द्यायचं नाही असं ठरवून यंत्राचा सांडपाण्याचा पाइप संडासाच्या खिडकीखाली ठेवलेल्या झाकणाच्या पिंपात सोडला. तिथून ते मगाने संडासला. हे पाणी दुसऱ्या दिवसापुढे ठेवत नाही. उन्हाळ्यात एका रात्रीत त्याला वास मारायला लागतो. आणि खरं सांगायचं तर हे पिंपही अधूनमधून रिकामंच पडलेलं असतं, कारण ते वापरायचं की नाही हे माणसाच्या मनावर आहे. फ्लशचं बटण दाबणं सोपं असतं.

त्या फ्लशच्या टाकीबद्दल. जुन्या टाक्या एका वेळी 10 लिटर किंवा त्याहून जास्त सोडत. नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन आणि सहा लिटरच्या असतात. आम्ही खालची टाकी बदलली. पण नव्या टाकीचंही खालचं रबर जड पाण्याने वर्ष-दीड वर्षात कडक होतं आणि पाणी भांड्यात झिरपायला लागतं. त्याचा आवाज येत नाही, दिसत नाही. घरातली नीळ यावर उत्तम. रात्री टाकीत नीळ टाकायची, सकाळपर्यंत कुणी फ्लश करायचा नाही. भांड्यातलं पाणी निळसर झालं तर रबर गेलं. ओळखीच्या एका घरात असं पाहिलं, तेव्हा त्यांची गच्चीवरची टाकी रोज सकाळी का उतरलेली असते याचा उलगडा झाला. तोवर ते भाडेकरूंवर संशय घेत होते.

तोटीचंही तेच. थेंब-थेंब गळणाऱ्या तोटीखाली रात्री भांडं ठेवून सकाळी मोजलं की माणूस वॉशर आणायला स्वतःहून उठतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, पंधरा-वीस लिटर सहज. पाण्याला फेस आणणारी जाळी तोटीच्या तोंडाला बसवली की धार तेवढीच वाटते आणि पाणी बरंच कमी लागतं. आमच्याकडे मात्र ती जाळी क्षारांनी बुजते. लिंबाच्या फोडीने घासून काढावी लागते. हौदात आणि वरच्या टाकीत बॉलकॉक बसवले, त्यामुळे टाकी भरून गच्चीवरून धबधबा पडणं थांबलं. त्याआधी गल्लीत रोज कुणाची ना कुणाची टाकी वाहत असायची आणि लोक खालून हाका मारायचे, “अहो, मोटार बंद करा!”

आता बाग. घरासमोर आमच्या यांनी मोठ्या हौसेने लॉन लावलं होतं, साधारण 300 चौरस फूट. उन्हाळ्यात हिरवळीला रोज चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे त्या तुकड्याला रोज दीडशे लिटर. टँकरच्या एका पिंपातलं पाऊण भाग पाणी गवताला! 2016 मध्ये ते लॉन वाळलंच, आणि पुन्हा लावायचं नाही यावर घरात वाद झाला नाही. त्या जागी लिंबू, कढीपत्ता, सीताफळ, जास्वंद, मोगरा आणि कुंपणाला शेवगा आहे. सीताफळ बालाघाटच्या डोंगरात कुणी पाणी न घालता वाढतं, त्याला परसात वाढायला काय लागणार? लिंबाला आणि मोगऱ्याला तर मधे पाण्याचा ताण द्यावाच लागतो, त्याशिवाय बहर धरत नाही. लाडाने रोज पाणी घालणाऱ्यांचा मोगरा नुसता पानांनी भरतो.

काळी माती पाणी धरून ठेवते अशी तिची ख्याती आहे, आणि पावसाळ्यानंतर ते खरंच आहे. पण मार्चपासून ती भेगाळते. भेग नुसती वरवर नसते, हात आत जाईल इतकी खोल जाते आणि खालची ओल त्या वाटेने उडून जाते. शेतात कोळपणी करतात ती तण काढायलाही आणि या भेगा बुजवायलाही. बागेत मी खुरप्याने वरचा दोन बोटं थर भुसभुशीत करून ठेवते आणि वर आच्छादन घालते. लातुराभोवती ऊस मुबलक, त्यामुळे पाचट मिळतं. ते नसेल तर शेवग्याचा आणि शेजारच्या कडुनिंबाचा पाला. आच्छादन चांगलं वीतभर जाड हवं. पातळ घातलं तर चार दिवसांत उडून जातं आणि उपयोग शून्य. बुंध्याला मात्र चिकटवायचं नाही, तिथे वाळवी लागते. पाचट घातलेल्या आणि न घातलेल्या आळ्यांत एप्रिलमध्ये बोट घालून बघितलं तर फरक कुणालाही कळतो. एका ठिकाणी बोट ओलं होतं, दुसरीकडे नख मोडतं.

लिंबू आणि कढीपत्त्याशी मी माठ पुरले आहेत. गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर झाकण, म्हणजे डास अंडी घालत नाहीत आणि पाली पडत नाहीत. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं आणि मुळं माठाला बिलगतात. भोवतीची माती ओली असेल तेव्हा झिरपणं मंदावतं, वाळली की वाढतं. माणसाला ठिबकचं घड्याळ लावून जे साधत नाही ते कुंभाराच्या भट्टीतल्या भांड्याला आपोआप साधतं. घरोघरी सल्ला मिळतो की जुना माठ टाकू नका, झाडाशी पुरा. तो सल्ला अर्धाच बरोबर आहे. पाणी गार होत नाही म्हणून आपण जो माठ बाद करतो, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. झिरपत नाही म्हणूनच तर तो गार करत नाही. तो जमिनीत पुरला तर वर्षभर पाण्याने भरलेला राहतो आणि शेजारचं झाड सुकतं. म्हणून नवाच माठ घ्यायचा, रंग न दिलेला. कुंभाराला सांगितलं की तो जरा कमी भाजलेला, जास्त पाझरणारा काढून देतो. आमच्या बोअरच्या जड पाण्याने तोही दोन-तीन वर्षांत मंदावतो. त्यात पावसाचं पाणी भरलं तर जास्त टिकतो.

पावसाचं पाणी आलं म्हणून गच्चीचं सांगते. आमची गच्ची 100 चौरस मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हिशेब सोपा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, गच्चीला शंभर लिटर. लातुरात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. उडालेलं, सांडलेलं, पहिलं धुणावळीचं पाणी वजा केलं तरी 60 हजार लिटर उरतात. मिरजेहून आलेली एक वाघीण साधारण 50 हजारांची होती. हा हिशेब मी आमच्या यांना कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्यांनी कागद उलटा करून पुन्हा स्वतः मांडला, आणि दुसऱ्याच दिवशी गवंड्याला फोन लावला.

गच्चीच्या दोन पन्हळी एकत्र करून 5,000 लिटरच्या टाकीला जोडल्या. मधे वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी आहे. मृगाचा पहिला पाऊस टाकीत घेत नाही, कारण वर्षभराची धूळ आणि पारव्यांची घाण त्यात असते. खालचं बूच काढून ते पाणी अंगणात सोडतो. टाकी दोन-तीन चांगल्या पावसांत भरते. उरलेलं सगळं बोअरभोवती खणलेल्या शोषखड्ड्यात जातं. बोअर 400 फुटांचा, त्या उन्हाळ्यात कोरडा पडलेला. तेव्हा गल्लीत रात्रंदिवस गाड्या घरघरत होत्या आणि ज्याचा त्याचा बोअर शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खाली चालला होता. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तसा सांधा लागेलच असं नाही. सहाशे फुटांवर नुसती राख उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. शोषखड्ड्यानंतर आमचा बोअर मार्चपर्यंत तरी साथ देतो. पाऊस चांगला झाला म्हणून देतो की खड्ड्यामुळे, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. गल्लीत अशी आणखी वीस-पंचवीस घरं झाली असती तर दाखवता आलं असतं.

एक घोळ मात्र अजून चालू आहे, तो पिण्याच्या पाण्याच्या यंत्राचा. एक लिटर गोड पाणी देताना ते दोन-तीन लिटर खारं पाणी बाहेर टाकतं. हे पाणी झाडांना घाला असं कुणीही सांगतं. पण आमचं मूळचंच पाणी जड, त्यातले क्षार आणखी दाटून त्या नळीतून येतात. शेजारी एकींच्या कुंड्यांतल्या तुळशीची पानं कडेने करपली ती यानेच. आमच्याकडे ते बादलीत धरून फरशी पुसायला आणि पायऱ्या धुवायला जातं, आणि पावसाळ्यात टाकीतलं गच्चीचं पाणी उकळून प्यायला घेतलं की यंत्र बंदच राहतं.

आत्याबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत. देवाचं पाणी त्या अजूनही रोज बदलतात. शिळं झालेलं तांब्यातलं पाणी मोरीत ओतायचं सोडून झाडाशी पुरलेल्या माठात घालायचं, एवढी तडजोड त्यांनी केली, तीही माठ देवघराच्या दारातून दिसतो म्हणून.

राहिला तो वरचा मजला. तिथे भाडेकरू राहतात, चार माणसं, आणि त्यांच्या न्हाणीचं सगळं पाणी आजही गटारातच जातं. तो पाइप बांधतानाच भिंतीच्या आतून, संडासाच्या पाइपाला जोडून घेतलेला. प्लंबरने दोनदा येऊन पाहिलं. तो म्हणतो, दोन्ही वेगळे करायचे तर वरची फरशी आणि भिंतीचं टाइल काम सगळं काढावं लागेल, आणि तेवढ्यासाठी फोडाफोड करण्यात अर्थ नाही. त्याचं पटतं. वरच्या न्हाणीची फरशी मात्र एका कोपऱ्यात पोकळ वाजायला लागली आहे, आणि खालच्या छताला ओल दिसते. यंदा दसऱ्यानंतर ती काढायचीच आहे. नव्या पाइपासाठी मागच्या भिंतीवर खुणा करून ठेवल्या आहेत आणि त्याच्या तोंडाशी पपई लावावी की आणखी एक केळ, यावर आमचं अजून ठरत नाही.